चाचांनी काढलेली पोय

"कान लावा," दस्तगीरचाचा म्हणाले. "असा न्हाय, गाल टेकवून. लाजू नका, झाडच हाय."

मी खजुरीच्या खरखरीत बुंध्याला गाल टेकवला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आतून, खोलवरून, कुणीतरी मिटल्या तोंडानं कुरमुरे खात असल्यासारखा आवाज आला.

"आलं ऐकू?"

"हो."

"सोंड्या भुंग्याची पोरं. आत बसून जेवत्यात. कृषीवाले आले, औषध टोचलं, भोकं बुजवली. ह्यांची भूक काय मोडंना." चाचांनी बुंध्यावर हात फिरवला. "औंदा फळ देईल. पुढच्या साली उभी असंल का, सांगता येत न्हाय."

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. मी चोवीस वर्षांची होते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून सोलापूरजवळच्या एका लहानशा ऊतीसंवर्धन प्रयोगशाळेत लागले होते. तिथे केळीची रोपं बाटल्यांत वाढवून विकली जात, आणि उरलेल्या जागेत आमच्या प्रमुख, डॉ. खासनीस मॅडम, स्वतःच्या आवडीचे उद्योग करत. त्यातला एक उद्योग मला कासळवाडीला घेऊन आला होता.

चाचांचे वडील अडुसष्ट साली हजहून आले तेव्हा त्यांनी आणलेल्या खजुराच्या बिया घरच्यांनी विहिरीजवळ टाकल्या होत्या. त्यातल्या दोन रुजल्या. एक झाड मादी निघालं, एक नर. दोन्ही चार हातांच्या अंतरावर उभी होती आणि वर त्यांच्या झावळ्या एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या की खालून पाहणाऱ्याला एकच शेंडा वाटावा. मादीचं वैशिष्ट्य हे, की तिचा खजूर मे महिन्यातच पिकायचा. आपल्याकडे खजूर न होण्याचं मुख्य कारण ऊन नव्हे, पाऊस. फळ पिकायला आणि मृग लागायला एकच गाठ पडते, आणि घड झाडावरच आंबतो. ही खजुरी मात्र दर वर्षी मृगाला दोन आठवडे हुलकावणी द्यायची. मॅडमनी तो खजूर एकदा खाल्ला होता आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ते झाड होतं.

तसंच दुसरं झाड करायचं कसं, हा प्रश्न होता. खजुरीला तरुणपणी बुंध्याशी पिल्लं फुटतात, ती काढून लावता येतात. हिला इतक्या वर्षांत एकही फुटलं नव्हतं. बी लावावं, तर निम्मी झाडं नर निघतात आणि उरलेल्या लेकी आईसारख्या होत नाहीत. शेंड्याचा कोंब काढावा, तर झाड मरतं. राहता राहिली पोय. नारळाला येते तशी खजुरीलाही फुलोऱ्याची पोय येते. ती अगदी कोवळी, म्यानात मिटलेली असताना काढली, आतल्या तुऱ्यांचे तुकडे केले आणि बाटलीत योग्य ते खाद्य दिलं, तर त्या तुकड्यांपासून रोपं होऊ शकतात. आईची हुबेहूब नक्कल.

"तर कसली पायजे म्हणालात?" चाचांनी कमरेला दोर बांधत विचारलं. ते वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झाले होते. सहासष्टाव्या वर्षीही चढण्याचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उजळायचा.

"कोवळी पोय. न उघडलेली. बोटाएवढी असली तर उत्तम. तीन मिळाल्या तर फारच छान."

"एवढंच ना? चाळीस वर्षं काढतोय."

तेवढ्यात आतून बिल्कीसचाचींनी हाक मारली. "ए पोरी, च्या घे! त्यांचं चढणं काय बघतीस, माकडाला येवढंच येतं."

मी ओसरीवरच्या बाजेवर बसले. चहा घेता घेता बर्फाच्या पेटीतल्या पिशव्या नीट लावल्या. पिशव्यांवर लेबलं आदल्या दिवशीच लावून आणली होती: 'मुलाणी, कासळवाडी, मादी, १ ते ३'. लेबल आधी तयार ठेवलं की ऐनवेळी गोंधळ होत नाही, अशी माझी पद्धत होती. त्या पद्धतीचा मला अभिमानही होता.

चाचा खाली आले. ओल्या फडक्यात तीन पांढुरक्या, बोटाएवढ्या पोयी होत्या. जशा हव्या तशा. मी त्या पिशव्यांत भरल्या, पेटी मांडीवर घेतली आणि दीडच्या एसटीनं परत निघाले.

त्या रात्री मी घरी गेले ती जवळजवळ उड्या मारतच. पोयी निर्जंतुक करून, जंतुविरहित हवेच्या पेटीत, हुडमध्ये, उघडल्या होत्या. आत भाताच्या लोंबीहून नाजूक, दुधासारखे पांढरे तुरे होते. त्यांचे सेंटीमीटरभर तुकडे केले, कोळशाची पूड घातलेल्या काळ्या खाद्यावर ठेवले. साठ बाटल्या झाल्या. त्या अंधाऱ्या खोलीत ठेवायच्या आणि वाट बघायची. मी दिवसाआड जाऊन बघायचे. कुठे बुरशी नाही, तुकडे काळवंडलेले नाहीत. खजुरीचे तुकडे काळे पडून मरण्यात पटाईत असतात, पण हे टुणटुणीत होते.

एकोणतिसाव्या दिवशी मी एक बाटली उघडून तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तुऱ्यावरची फुलं फुगली होती. एक फूल सुईनं उलगडलं आणि मोजलं. मध्यभागी तीन बारीक, खुरटलेले कोंब. त्यांच्याभोवती एक, दोन, तीन, चार, पाच, सहा भरगच्च पुंकेसर.

खजुरीच्या अगदी कोवळ्या फुलात नराचे आणि मादीचे दोन्ही अवयव असतात. पुढे मादीच्या फुलात पुंकेसर थांबतात आणि मधले तीन वाढतात. नराच्या फुलात उलटं. माझ्यासमोर जे होतं ते उलटं होतं.

मी दुसरी बाटली उघडली. मग तिसरी. अकरा बाटल्या उघडून झाल्यावर मी मॅडमच्या खोलीत गेले.

"नर आहे," मी म्हणाले.

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "किती बाटल्या?"

"अकरा पाहिल्या. तिन्ही पोयींच्या. सगळ्या नर."

"पोयी काढल्या कुणी?"

"चाचांनी."

"आणि तू कुठे होतीस?"

"चहा घेत होते."

"बरं. आणि लेबल कधी लिहिलंस?"

"आदल्या दिवशी."

"म्हणजे आधी निष्कर्ष, मग प्रयोग," मॅडम म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मादी किती दिवस टिकेल म्हणालीस?"

"यंदाचं वर्ष. कदाचित तेही पूर्ण नाही."

"फेब्रुवारीचा मध्य आलाय. तिच्या पोयी आता उमलल्या असतील. तरी उद्या जा. एखादी आत दडलेली असली तर आण, नाहीतर त्या झाडाचा विषय संपला. आणि ह्या साठ बाटल्या धुवायला टाक. मला फळ्यांवर जागा नाही."

दुसऱ्या दिवशी एसटीत मी मनातल्या मनात तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली. एकाही वाक्यात 'तुमची चूक' हे शब्द येऊ नयेत अशी खबरदारी घेतली. कासळवाडीला उतरून विहिरीकडे गेले, तर चाचा मादीच्या शेंड्यात बसून गात होते. पाच पोयी उमलल्या होत्या. हस्तिदंती रंगाचे तुरे उन्हात चमकत होते आणि चाचा नराच्या फुलोऱ्याच्या काड्या त्या तुऱ्यांत खोवून दोऱ्यानं बांधत होते.

"या या, ताई!" ते वरून ओरडले. "लगीन लावतोय. अक्षता टाका!"

ते खाली येईपर्यंत मी तिन्ही वाक्यं विसरले होते. "चाचा," मी म्हणाले, "त्या दिवशीच्या पोयी नराच्या होत्या."

"व्हय," चाचा म्हणाले. "मग?"

"मला मादीच्या हव्या होत्या."

चाचांनी माझ्याकडे बघितलं. मग ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या चाचींकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. "तुम्ही पोय काढा म्हणालात."

"हो. मादीची."

"मादीची पोय कोण काढतं, ताई?" ते खरोखरच हबकले होते. "काढायची ती नराचीच. झटकायची, पूड धरायची, मादीला लावायची. चाळीस वर्षं तेच करतोय. मादीच्या पोयीला कधी इळा लावलेला न्हाय मी. मादीची पोय कापायची म्हंजे..."

"म्हंजे धा किलो खजूर कापायचा," चाचींनी वाक्य पुरं केलं आणि सूप खाली ठेवून हसायला लागल्या. त्या हसू लागल्या की आधी खांदे हलत, मग सगळ्या बांगड्या, आणि शेवटी आवाज येई. "आन तू! तू येवढी शिकलेली, तुला न्हाय कळलं बाप्या का बाई?"

"लहानपणी सारखीच दिसतात हो, चाची."

"तर काय! माणसाचं बी लंगोट सोडल्याबिगार कळत न्हाय."

चाचा मात्र हसले नाहीत. ते दोर हातात घेऊन तसेच उभे होते. "आता?" त्यांनी विचारलं.

"आता एखादी न उमललेली असेल तर. नाहीतर…" मला ते वाक्य संपवायचं नव्हतं. झाडाच्या बुंध्यातून तांबूस, आंबूस वासाचा चीक गळत होता. जानेवारीत तो नव्हता.

"न्हाय," चाचा म्हणाले. "सगळ्या उमलल्या."

"अवं, काल तर म्हणालात, एक अजून आत हाय!" चाची म्हणाल्या.

चाचांनी बायकोकडे असं बघितलं की मला वाटलं, आता मी उठून एसटी स्टँडवर जावं. "हाय," ते शेवटी म्हणाले. "पर आजारी झाडाची शेवटची पोय हाय ती. हे असं असताना बी ती पोय टाकतीया. आन आपण तीच कापायची?"

मग चाचींनी सूप बाजूला सारलं आणि उठून उभ्या राहिल्या. "धा किलो खजूर खाऊन तिची आठवण किती दिस राहील? ईदपोतर. ही पोरगी म्हणती, तिची लेकरं करते. करू दे की. मेल्यावर व्हनार हाईत का लेकरं?"

चाचा विळ्याची धार अंगठ्यानं चाचपत राहिले. मग त्यांनी दोर कमरेला बांधला.

"पर ताई, ह्या बारीला च्या प्यायला जायचं न्हाय. हितं उभं राहायचं आन बघायचं."

"बघते."

दोन हात चढून ते थांबले. "ही मादीच ना?"

"न्हाय, इजेचा खांब हाय!" चाची खालून ओरडल्या. "चढा, तुम्हाला सवय हाय!"

ती पोय खरंच खोल होती. मधल्या झावळ्यांच्या बेचक्यात, सुयांसारख्या काट्यांमागे. चाचा काटे एकेक करून तासत होते आणि आम्ही दोघी मान वर करून उभ्या होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी चाचींना सांगितलं, की त्या साठ बाटल्या आता धुवून टाकणार.

"का गं? नासल्या?"

"नाही. छान आहेत. पण नराच्या आहेत ना. नराला कुठे फळ येतं? काय उपयोग?"

"हे त्यांच्यासमोर म्हणू नको," चाची वर बोट दाखवून म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा जरा बदलला. "आन तसं बी खरं न्हाय ते. गारा पडल्या होत्या त्या साली नराच्या सगळ्या पोयी झडल्या. मग ह्यांनी इंडी गावच्या मेव्हण्याकडनं पूड आणली, त्याच्या झाडाची. घड चांगले धरले. फळ तर मोठंच झालं. पर मृग लागला तरी हिरवं ते हिरवंच. सगळं आंबलं. शेरडांनी खाल्लं."

मी वर बघायचं थांबले. "हीच मादी होती?"

"हीच की. दुसरी कुठनं आणू? आई तीच, बाप दुसरा."

बहुतेक फळझाडांत परागाचा परिणाम फक्त बीवर होतो. गर आईचा असतो. खजुरीत तसं नाही. तिथे पराग कुणाचा, यावर फळाचं आकारमान आणि पिकण्याची वेळही बदलू शकते. हे मला माहीत होतं. मी ते परीक्षेत दोन गुणांसाठी लिहिलंही होतं. फक्त ते विहिरीजवळच्या एका झाडाविषयी असेल, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

"किती दिवस उशीर झाला होता, चाची?"

"तीन आठवडे तर सहज."

"त्या वर्षी पाणी जास्त दिलं होतं? खत बदललं होतं? थंडी?"

"तू पोलिसात बी हायस का?"

"सांगा ना."

"काय बदललं न्हाय. पूडच तेवढी बदलली. मी तवाच ह्यांना म्हणलं, जावई बदलला की नातवंडं बदलत्यात. तर मला म्हणले, तू गप."

वरून आरोळी आली. चाचा उतरले ते एका हातानं, दुसरा हात छातीशी धरून. दोन्ही मनगटांवर काट्यांचे ओरखडे होते. फडक्यात एकच पोय होती, मधल्या बोटाएवढी, मिटलेली. त्यांनी ती माझ्या हातात दिली नाही. आधी पिशवीकडे बघितलं.

"कोरी हाय?"

"कोरी आहे."

"आता लिहा. माझ्यासमोर."

मी बाजेवर बसून लिहिलं. त्यांनी ते अक्षर लावून वाचलं आणि मग पोय पिशवीत सोडली.

संध्याकाळी मॅडम थांबल्या होत्या. त्या एका पोयीच्या एकोणीस बाटल्या झाल्या. शेवटची बाटली बंद केल्यावर मी म्हणाले, "मॅडम, त्या साठ बाटल्या धुवायला नको." आणि चाचींनी सांगितलेलं सगळं सांगितलं, मेव्हण्याच्या इंडीसकट.

"पुरावा?" मॅडमनी विचारलं.

"एका झाडाचा. एका वर्षाचा. तोंडी."

"म्हणजे पुरावा नाही."

"नाही."

"आणि साठ बाटल्यांना चार वर्षं जागा द्यायची? नराला?"

"सगळ्या नकोत. वीस."

मॅडमनी हातमोजे काढले, घडी घातली, पुन्हा उलगडली. "खालच्या फळीवर ठेव," त्या म्हणाल्या. "आणि लेबलं बदल."

ती मादी त्याच सप्टेंबरात, साध्याशा वाऱ्यानं, कमरेत मोडली. चाचांचा फोन आला. "बसली," एवढंच म्हणाले. मी त्यांना सांगितलं, की एकोणिसांतल्या सात बाटल्यांत मोहरीएवढे पांढरे दाणे दिसायला लागलेत, ते वाढले की रोपं होतील. मग चाचींचा आवाज आला, "रडत्यात. पर चांगलं रडत्यात." दोन वर्षांनी भुंगे नरात शिरले आणि तोही गेला. तोवर खालच्या फळीवरच्या वीस बाटल्यांत त्याची लेकरं इतकी माजली होती की मॅडम त्यांना फुकटे म्हणायच्या.

चार वर्षं बाटलीत, एक वर्ष सावलीच्या जाळीखाली, मग शेतात. चाचांच्या एकरभर रानात चाळीस माद्या आणि चार नर लावले. लागवडीनंतर चौथ्या वर्षी भरपूर पोयी आल्या. मी सुट्टी काढून कासळवाडीला राहिले आणि दर झाडाच्या निम्म्या घडांना आपल्या नराची पूड लावली, निम्म्यांना बाहेरून आणलेली. आपल्या घडांना लाल दोरा, बाहेरच्यांना निळा. दोरा बांधायचा तो पूड लावल्यावर, आधी नाही. चाचा पंचाहत्तरीचे झाले होते, पण त्यांना चढावं लागलं नाही. झाडं अजून छातीइतकीच होती. "हे बरं केलंत," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला झाडं खाली आणून दिलीत."

मे महिन्याच्या चोविसाव्या दिवशी मी पुन्हा तिथे होते. मॅडम, आता निवृत्त, टोपी घालून माझ्यामागे होत्या. निळ्या दोऱ्याचे घड हिरवे आणि टणक होते. दगडासारखे. लाल दोऱ्याचे पिवळ्यावरून तपकिरीवर उतरले होते, टोकाशी मऊ, बोटाला चिकटणारे. मी वहीत एकेका झाडाची नोंद करत गेले. सातव्या झाडापाशी मला वहीतलं काही दिसेना, म्हणून मॅडमनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली आणि पुढचं त्यांनी लिहिलं.

चाचींनी एक लाल दोऱ्याचा खजूर पुसला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "डोळे मिटा. आ करा."

चाचांनी डोळे मिटले. त्यांनी तो फार वेळ चघळला. बी तळहातावर घेतली.

"हीच," ते म्हणाले. मग डोळे उघडून मला विचारलं, "आज तारीख काय, ताई?"

"चोवीस मे."

"मृगाला?"

"चौदा दिवस."

"मग घाई न्हाय," चाचा म्हणाले, आणि झाडाशेजारी मांडी घालून बसले आणि दुसरा खजूर तोडला.